मासळी बंद

"टोपली बाहेर ठेव आधी. इथे पेशंट बसतात."

डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं. आई बाजारातून थेट आली होती, कमरेवर टोपली तशीच. ती मागे सरकत पायरीपर्यंत गेली, टोपली ठेवली, पदराला हात पुसले आणि परत आली. खुर्ची रिकामी होती तरी बसली नाही. रत्नागिरीत अर्धा जन्म दारोदार मासळी विकलेली बाई. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायला लागली की आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. त्या खोलीत तिला आवाजच नव्हता.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. जेवले की पोट ढोलासारखं फुगायचं. दिवसातून सहा-सात वेळा जुलाब. अंगात रक्त नाही, केस मूठमूठ गळायचे.

"काय खाता घरी?"

"भात नि म्हावरा, साहेब. आनि काय खानार?"

डॉक्टर हसले. कंपाउंडरकडे बघून म्हणाले, "विकून उरलेलं, नासलेलं घरी शिजवायचं आणि मग पोट दुखतं म्हणून इथे यायचं. या लोकांना कोण सांगणार!"

नासलेलं? आई जेटीवरच्या लिलावात मासळीची पाटी घ्यायची आणि त्यातले पहिले चार मुडदुशे माझ्यासाठी बाजूला काढायची. हलका मासा तो, बाळंतिणीला देतात, आजाऱ्याला देतात. गिऱ्हाइकाचा नंबर त्यानंतर. हे तिने सांगायला हवं होतं. मी सांगायला हवं होतं.

कागदावर त्यांनी लिहिलं, मासळी बंद. खाली दोन रेघा ओढल्या. भात कमी. चपाती, टोस्ट, बिस्किटं खायची.

आम्ही पायरी उतरलो तर कंपाउंडर मागून आला. "सुरमई आहे का, साहेबांनी विचारलंय." टोपलीत होती ती सगळी आईने तशीच देऊन टाकली. मला म्हणाली, "ऱ्हाव दे गो. तुज्याकडं नीट बगतील."

एक खरं सांगायला हवं. आम्हालाही पटलं होतं. कारण ज्या दिवशी घरात तळलेली मासळी व्हायची, त्या दिवशी माझे हाल कुत्रा खायचा नाही. आई तुकड्यांना जाड रवा थापायची आणि कुरकुरीत तळायची. मी पुढचे दोन दिवस आडवी. नुसतं कालवण-भात खाल्ला तर तेवढं व्हायचं नाही, पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ताटात मासा असताना रव्याकडे कोण बघतं? दोष माशाच्या माथी.

आमच्या घरात तोवर चपाती सणालाही होत नव्हती. तांदळाची भाकरी थापणारे हात आईचे. तिने शेजारणीकडून कणीक मळायला शिकून घेतलं. पहिले काही दिवस चपात्या जाड, कडेने कच्च्या. मग जमायला लागल्या. रोज पहाटे जेटीवर जायच्या आधी माझ्या चार चपात्या करून, फडक्यात गुंडाळून ठेवायची. माझं अंग जास्तच उतरायला लागलं तेव्हा चाराच्या पाच केल्या.

एकदा तिने पेज आणली. उकड्या तांदळाची, वर मिठाची कणी. मी वाटी ढकलून दिली. "भात कमी सांगितलाय ना डॉक्टरांनी! तुला अक्कल आहे का?" असं बोलले मी तिला. माझ्या तोंडून. ती पेज तिनेच उभ्याने पिऊन टाकली.

मग डॉक्टर बदलत गेलो. एकाने आमांश सांगितला, एकाने पित्त. एकाने पोटाचा टीबी म्हणून नऊ महिने गोळ्या दिल्या, त्याने लघवी लाल झाली, पोट तसंच राहिलं. एकाने आईला बाहेर बोलावून सांगितलं की मुलीच्या मनात काहीतरी आहे, लग्न करून टाका. एका ठिकाणी नर्सने भरल्या रांगेत फुगलेल्या पोटाकडे बघून विचारलं, "कितवा महिना?" मी म्हटलं, लग्न नाही झालेलं. ती म्हणाली, "मग?" रांगेतल्या बायका हसल्या. मी घरी येऊन तोंडावर पांघरूण घेतलं आणि कॉलेजात परत गेले नाही.

सगळ्यांना आम्ही तो पहिला कागद दाखवायचो. सगळे तो वाचायचे. मासळी बंद, बरोबर आहे, म्हणायचे. चपातीबद्दल अवाक्षर नाही.

आईने त्या कागदाची शिक्षा स्वतःला लावून घेतली. घरात म्हावरा शिजवायची बंद झाली. बाजारातून आली की मागच्या दारी साबणाने तीन-तीनदा हात धुवायची, मगच माझ्या कपाळाला हात लावायची. एकदा शेजारणीला सांगताना मी ऐकलं. "माज्या म्हावऱ्यानंच माज्या पोरीचा पोट नासला."

मी आतच होते. बाहेर आले नाही. मलाही तसंच वाटत होतं.

ती गेली तेव्हा छातीचं निमित्त झालं, दोन दिवसांत आटोपलं. शेवटी माझा हात धरून म्हणाली, "मी गेल्यावर पन म्हावऱ्याला शिवू नको हां, बाय." मी हो म्हटलं.

त्यानंतर चौदा महिन्यांनी एका शिबिरात एक तरुण डॉक्टरीण भेटली. तिने खुर्ची पुढे ओढून मला बसवलं. म्हणाली, "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाता, सगळं सांगा. मी लिहून घेते." इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी लिहून घेत होतं. तिने रक्त तपासलं, मग मोठ्या दवाखान्यात बोलावून दुर्बिणीची तपासणी केली. सिलिॲक. गहू माझ्या आतड्याला चालत नाही. चपाती, पाव, बिस्किट, रवा, सगळं जन्मभर बंद.

मी विचारलं, "आणि मासळी?"

"खा की. भात, तांदळाची भाकरी, मासे. तुमच्यासाठी याहून चांगलं काय? हे बंद कुणी केलं?"

मी तिथेच रडायला लागले. तिला वाटलं, आनंदाने रडते.

विष माझ्या आईच्या हातूनच गेलं. रोज पहाटे, चार चपात्या, मग पाच. इतक्या मायेने कुणी कुणाला विष दिलं नसेल. पण ते तिच्या टोपलीतलं नव्हतं. ते लिहून दिलेलं होतं.

आईची टोपली आता मी चालवते. आजार कळला त्याच्या पुढच्याच आठवड्यात ती घेऊन त्या पहिल्या दवाखान्यात गेले.

"टोपली बाहेर..."

"टोपली इथेच राहील."

मी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. त्यांचा जुना आणि हा नवा. डॉक्टरांनी वाचले, चष्मा काढला. म्हणाले, "हा आजार आपल्याकडे फारसा दिसत नाही. त्या वेळी कुणालाही मासळीच वाटली असती."

"तुम्ही विचारलंत, काय खाता. आईने सांगितलं आणि तुम्ही हसलात. पुढे काही विचारलंच नाहीत."

"आवाज खाली."

"या कागदावर लिहा, मासळीने झालं नव्हतं. माझ्या आईच्या मासळीने झालं नव्हतं. एवढंच लिहा आणि सही करा."

"आई कुठाय?"

"वारली. स्वतःला दोष देत वारली."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग त्यांनी घंटी वाजवली. "बाहेर पेशंट खोळंबलेत."

लिहिलं नाही. मी त्यांच्याच टेबलावरचं पेन उचललं आणि त्या दोन शब्दांवर काट मारली. इतकी दाबून की कागद फाटला. फाटका कागद घेऊन, टोपली उचलून बाहेर पडले.

माझं वजन वाढलंय, लोक म्हणतात बरी झालीस. मी आता कालवण-भात खाते. आईला दिलेला शब्द रोज मोडते आणि प्रत्येक घासाला वाटतं, हे तिला कळायला हवं होतं. ते आता कधी कळणार नाही.

वाडीतली कुठलीही बाई दवाखान्यात निघाली की मी सोबत जाते. विक्री अर्धी राहिली तरी जाते. काय खाता, असं विचारलं की डॉक्टरांना उत्तर पुरं ऐकून घ्यावं लागतं. मध्येच कुणी हसलं तर मी माझंच सगळं पहिल्यापासून सांगायला लागते. भात. म्हावरा. रवा. चपाती. किती वर्षं, कुणाच्या हातची. बाई खुर्चीवर बसते. टोपली आत असते, माझ्या पायाशी. ती मी आता बाहेर ठेवणार नाही.