दाराच्या फटीतला चेहरा

कचेरीत त्याला सगळे खोडरबर म्हणत. तीस वर्षं त्यानं शाळेच्या पुस्तकांसाठी बेडकाचं पोट, फुलाचा छेद, पाण्याचा पंप असली चित्रं काढली आणि एकही रेघ तीनदा खोडल्याशिवाय पक्की केली नाही. माणसाचा चेहरा त्याच्या वाट्याला क्वचितच यायचा; आलाच तर दात घासणाऱ्या मुलाचा. अशा माणसापुढे संपादकबाईंनी एका कादंबरीमालेचे तीन जाडजूड भाग ठेवले आणि यांची चित्रकादंबरी करा म्हणाल्या, तेव्हा तो आधी नाहीच म्हणाला.

हो म्हणायला लावलं ते लेकीनं. ती सोळा वर्षांची, आणि ही पुस्तकं तिनं इतक्यांदा वाचलेली की पानं सुटी झालेली. गोष्ट पुढच्या काळातल्या एका शहराची. तिथं प्रत्येक घराच्या भिंतीत सरकारनं एक डोळा बसवलेला असतो आणि एक मुलगी आपल्या घरातला डोळा बुजवून टाकते. उरलेले दोन भाग त्याची शिक्षा भोगण्यात जातात. लेक जेवताना त्याला एकेक प्रसंग समजावून सांगायची, एवढा गाळलास तर याद राख म्हणून दम द्यायची. बापलेकीचं इतकं बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. तो मनातून फार खूश होता.

अडचण एकच होती. लेखिकेनं नायिकेचा चेहरा कुठंच सांगितला नव्हता. कादंबरीत ते खपून जातं. चित्रात मानेवर नुसतं अंडं ठेवून भागत नाही. पंधरा दिवस खोडाखोड केल्यावर त्यानं सोपी वाट धरली. घरात मुलगी होतीच. ती केस विंचरताना, पुस्तकावर डुलक्या घेताना, आईशी भांडताना त्यानं खिशातल्या वहीत तिला गुपचूप उतरवून घेतलं. सांगितलं तर ती अवघडून बसेल, अशी स्वतःची समजूतही घातली. चौसष्ट पानं झाली, आणि संपादकबाईंनी जन्मात पहिल्यांदा एकही दुरुस्ती सुचवली नाही.

एके दिवशी तो चष्मा घरी विसरला आणि लेक तो द्यायला दुपारी कचेरीत आली. पानं टेबलावर पसरलेली होती. ही आपणच, हे तिला लगेच कळलं आणि पहिली काही पानं तिनं हसत पाहिली. एकतिसाव्या पानाशी ती थांबली. तिथं नायिका खाटेच्या कडेला बसून, उशी पोटाशी धरून रडत होती. जिवाभावाच्या मैत्रिणीनं बोलणं तोडलं, त्या दिवशीची ती लेक होती, अंगातल्या सदऱ्यासकट.

"बाबा, त्या दिवशी मी दार लावून घेतलं होतं."

"फट होती," तो म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो हे त्याचं त्यालाच कळलं.

चष्मा ठेवून ती निघून गेली. संध्याकाळी त्यानं पाहिलं तर तिच्या दाराच्या फटीत कागदाचा बोळा कोंबलेला होता. तिन्ही भाग त्यानं वाचले होते. आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि चूक तुझीच आहे म्हणून मोकळी झाली.

छपाईला अकरा दिवस उरले होते. नायिकेचा चेहरा बदलतो म्हटल्यावर संपादकबाईंनी वेड लागलंय का म्हणून विचारलं आणि तारीख पुढे जाणार नाही हे बजावलं. खोडरबर कामाला लागला. चौसष्ट पानांवरचा चेहरा त्यानं पांढऱ्या रंगाखाली घातला, दाढीचा आरसा टेबलावर उभा केला आणि त्यात बघून नवा काढू लागला. टक्कल, मिशी आणि गालांच्या पिशव्या वगळून जे काय उरेल ते. पन्नाशी उलटलेला माणूस आरशापुढे भुवया उडवतोय आणि ओठ काढतोय, हे बघायला शेजारच्या खोलीतले लोक चहाचे पेले घेऊन यायचे. त्याला लाज वाटे. पण पोरीचं काहीतरी आपण चोरलंय, आणि ते परत करायचा दुसरा रस्ता त्याला दिसत नव्हता.

दहाव्या दिवशी गठ्ठा घेऊन तो घरी आला, लेकीच्या दारावर टकटक केली आणि ती ये म्हणेपर्यंत बाहेर उभा राहिला. तिनं पानं उलटली. एकतिसावं बराच वेळ पाहिलं.

"नाक माझंच राहिलंय."

"नाक माझं आहे. तुझ्याकडे ते माझ्याकडूनच आलंय, त्याला मी काय करू?"

ती हसली नाही. चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "पण ही रडत नाहीये. आवंढा गिळतेय."

मला एवढंच जमतं, त्यानं सांगितलं. माझी आई गेली तेव्हाही एवढंच जमलं होतं. ही गोष्ट त्यानं घरात कधी कुणाकडे बोलून दाखवली नव्हती.

लेकीनं पानं बाजूला ठेवली. मग तिनं उशी ओढून पोटाशी धरली आणि ती खाटेच्या कडेला सरकून बसली.

"विचारलं असतंस तर दाखवलं असतं."

त्यानं खिशातून वही काढली. पेन्सिल कागदाला टेकवण्याआधी त्यानं विचारलं, "काढू?"

"आधी दार लाव," ती म्हणाली.