आकडा द्या, कागद न्या

विद्यापीठाच्या लोकांशी मी भांडले, हे तुमच्या आईने तुम्हाला फोनवर अर्धवटच सांगितलं. म्हणून, पोरांनो, क्रमाने लिहिते.

डोंगरकड्याकडच्या काही गावांत गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या घरपोच देण्याची योजना सुरू होती. तिचा उपयोग होतो का, हे तपासायला विद्यापीठाची गाडी आमच्या गावात आली. इंग्रजी वाचणारी मीच, म्हणून बायका माझ्या शब्दावर माझ्या ओट्यावर जमल्या. संमतीपत्राचं पहिलं पान मी वाचलं, "करा अंगठा" म्हटलं, आणि सगळे कागद नीट लावून कपाटात ठेवले.

शेजारची सून सातव्या महिन्यात होती. दोन पायऱ्या चढताना तिला धाप लागली. तपासणाऱ्या मुलीने तिच्या बोटाला सुई टोचली, यंत्रावर आकडा येताच त्यावर तळहात ठेवला.

"किती हाय रक्त?" सासूने विचारलं.

"ते सांगता येत नाही, मावशी."

"काहून? रक्त आमचंच हाय ना?"

मुलगी माझ्याशी इंग्रजीत बोलू लागली, जणू आम्ही दोघी एका बाजूच्या. आमचं गाव फक्त तुलनेसाठी होतं. इथे गोळ्या द्यायच्या नव्हत्या. आकडा कळला की बायका दवाखाना गाठतील आणि तुलना बिघडेल. हे सगळं तिसऱ्या पानावर होतं.

"बाई, काय म्हणून राहिली ही?"

मी शब्दन् शब्द सांगितला.

"म्हंजी त्या गावाला गोळ्या अन् आमाला सुया," सासू म्हणाली. "तुमी बोलावलं म्हून आलो आमी."

चार वाजता त्यांचे साहेब कागद न्यायला आले. मी कपाटाची किल्ली मुठीत धरली. "आधी प्रत्येकीचा आकडा लिहून द्या."

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. संशोधनाला नियम असतात."

"या अंगठ्यांशिवाय तुमचं संशोधन कोणत्या नियमात बसतं?"

इस्त्रीच्या शर्टात पायरीवर बसून त्यांनी आकडे लिहिले. सुनेचा आकडा शेवटी, बारीक अक्षरात. तो वाचून मी म्हटलं, हिला तुमच्या गाडीतून कळमनुरीच्या दवाखान्यात सोडा.

"गाडी अभ्यासासाठी आहे."

कागद त्यांच्या हातात देऊन आम्ही रिक्षा केली. डॉक्टरांनी त्याच दिवशी रक्त चढवलं आणि इतके दिवस काय करत होता, म्हणून सासूलाच झापलं. तिने ते ऐकून घेतलं. माझ्याकडे मात्र एकदाही पाहिलं नाही.

सून सुखरूप सुटली, मुलगी झाली. असहकार केल्याचं पत्र पाठवून विद्यापीठाने आमचं गाव अभ्यासातून काढलं. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

परवा लसीकरणाला कोणीच येईना, म्हणून अंगणवाडीच्या ताईने मला घरोघर बोलवायला पाठवलं. सासू लेकरू कडेवर घेऊन दारातच उभी राहिली.

"कागद कुटं हाय, बाई? समदा वाचला का या टायमाला?"

"यात कागद नसतो. नुसती लस आहे."

"मंग तर न्हाईच," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.