अर्ध्या कोयत्याचं कुटुंब

विजयमालाला राग यायला कारण लागत नाही, असं गावात म्हणतात. ते खरं नाही. कारण दरवेळी असतं, पण ते ऐकायला कुणी थांबत नाही. ती बोलायला लागली की माणसांना गोठ्यातलं काहीतरी काम आठवतं.

पाथर्डी तालुक्यातल्या त्या गावात दिवाळी सरली की निम्म्या घरांना कुलपं लागतात आणि माणसं ऊसतोडीला जातात. विजयमालाही लग्न झाल्यापासून जायची. तोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. तिचा नवरा रंभाजी एका हंगामात कर्नाटकाकडे गेला, तिकडेच दुसरं घर करून राहिला. तेव्हापासून ती अर्धा कोयता झाली. टोळी गोळा झाली की मुकादम विचारायचा, "अर्धा कोयता आला का?" ती म्हणायची, "आला. तुजी बायकू घरी बसती, मंग तू कितवा हिस्सा रं?" असल्या उत्तरांनीच ती रागीट म्हणून गाजली.

फडात ऊस ती एकटीच तोडायची, एकटीच बांधायची आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. एकदा उसानं भरलेली ट्रॉली पाण्याच्या चारीत रुतली. ड्रायव्हर खाली उतरून बायकांनाच शिव्या द्यायला लागला. विजयमालानं चिडून चाकाला खांदा लावला. बरोबर आणखी पाचसहा जण होते, पण गावात बातमी पोचली ती अशी, की विजयमालानं एकटीनं ट्रॉली उचलली. तिनं पुष्कळांना खरं सांगून पाहिलं. मग सांगायचं सोडून दिलं.

यंदा ती तोडीला गेली नाही. मुलगी ज्योती दहावीला होती. चुलत्यानं पोरीला स्थळ आणलं होतं, तेही तिनं दारातूनच परत पाठवलं. गावातच कांदा लावायला रोजानं जायला लागली.

जानेवारीत एका दुपारी वाफ्यात रोपं लावताना शेजारच्या रंगुबाईनं विषय काढला.

"विजे, शाळंत तुजं नाटक बसवत्यात म्हनं."

"माजं कसलं नाटक?"

"ग्यादरिंगला. तू मोळी घेऊन चालती, ट्रॉली उचलती, आन् समद्यांना शिव्या देती. आमचा नातू रोज चालून दाखवतो तुज्यासारखं. हसून हसून पोट दुखतंय बाई."

"आन् तू हसतीस?"

"आता तुजी चालच तशी, त्याला मी काय करू?"

विजयमालानं हातातली जुडी खाली टाकली आणि चिखलाच्या पायांनीच ती हायस्कूलकडे निघाली.

शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये तालीम चालली होती. प्रशांत नावाचा मुलगा पाठीला लाल टॉवेल बांधून उभा होता. त्याच्या कमरेचा दोर शेडच्या आढ्यावरून पलीकडे गेला होता आणि तिकडे तिघं पोरं तो धरून होती. मधोमध एक मुलगी डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन, मान ताठ ठेवून, कंबर हेलकावत चालली होती. वाटेत येईल त्याला शिव्या देत होती. पोरं हसून लोळत होती. मुलगी वळली, तर ती ज्योती.

मराठीचे गर्जे सर पुढं आले. तरुण होते, उत्साही होते. "या ताई. तुमच्या लेकीनंच लिहिलंय हे. सुपरहिरोंचं कुटुंब, पण आपल्या गावातलं. बसा, बघा."

रागानं आलेल्या माणसाला खुर्ची दिली की त्याची पंचाईत होते. विजयमाला बसली.

नाटकात आजीला तीन घरं पलीकडं काय शिजतंय त्याचा वास यायचा. मुलगा गृहपाठाचं नाव काढताच गायब व्हायचा. आईची शक्ती म्हणजे राग. ती ओरडली की हेडमास्तरांच्या खुर्चीचे पाय मोडायचे. हे सगळं विजयमालानं गिळलं. एकदा तर तिला हसूही आलं, ते तिनं दाबलं. पण शेवटी आई ट्रॉलीखाली सापडते, आणि लाल टॉवेलवाले बाबा उडत येऊन एका बोटानं ट्रॉली उचलतात. आई हात जोडून म्हणते, "तुम्ही होता म्हणून."

विजयमाला उठली. "ह्यो कोन?"

"बाबा," सर म्हणाले.

"कुनाचा बाबा?"

पोरं पुन्हा हसली. सरांनी तिला बाजूला नेलं. "ताई, कुटुंब म्हटलं की वडील लागतात. शिवाय प्रशांत हा काकासाहेबांचा मुलगा. ते संस्थेचे संचालक. स्पीकर, मांडव, सगळं त्यांनीच दिलंय. तो रोल कसा काढू?"

"सर, तुमी मला हसा. पोरांना माज्यासारखं चालू द्या. पन ज्यानं चाकाला कधी हात लावला न्हाई, त्याच्या हातून ट्रॉली उचलवू नका."

"अहो, गंमत आहे ती."

"गंमत करायला माजंच घर घावलं व्हय?"

संध्याकाळी ज्योती घरी आली तेव्हा विजयमाला चुलीपुढं होती. तिनं मागं वळूनही बघितलं नाही.

"तुमी होता म्हनून. कवा हुता गं त्यो?"

ज्योतीनं दप्तर ठेवलं. मग म्हणाली, "शाळेत मला अर्ध्या कोयत्याची ज्योती म्हणतात. म्हटलं, नाटकात तरी पुरा करावा."

"म्हंजे मी कमी पडले."

"तसं नाही म्हटलं मी."

"तसंच लिव्हलंस. ह्या घरात दोघांचं वझं मी एकटीनं वाहिलं, आन् माजी लेक गावापुढं सांगनार की त्यो उडत आला. सांग. मी काय तिथं यायची न्हाई."

त्यानंतर दोघी एकाच घरात राहिल्या, पण भाकरी वाढण्यापुरतंच बोलल्या.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी विजयमाला गेलीच. बायका ताडपत्रीवर बसल्या होत्या, तिकडे ती गेली नाही. मागं पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिली. काकासाहेबांचं भाषण सुरू झालं, ते लवकर संपेना. मग नाटक सुरू झालं. ज्योती पेंढी घेऊन चालायला लागली तशी सगळ्यात मोठ्यानं रंगुबाई हसली. विजयमालानं दात आवळले.

उलट्या बाजेला पुठ्ठ्याची चाकं लावून ट्रॉली केली होती. आई तिच्याखाली सापडली. तिघा पोरांनी दोर ओढला आणि प्रशांत एक हात पुढं करून मांडवात अधांतरी लटकला. आता त्याला खाली सोडायचं होतं.

"थांबा," बाजेखालून ज्योती म्हणाली. "खाली येऊ नका."

दोरवाल्या पोरांनी दोर तसाच धरून ठेवला. ज्योतीनं त्यांना आधीच काही सांगून ठेवलं असावं. प्रशांत वरून पुटपुटला, "ए, सोडा ना," आणि त्याच्या गळ्यातल्या माईकनं ते सगळ्या गावाला ऐकवलं.

ज्योतीनं बाजेला खांदा लावला, बाज उलथून टाकली आणि उभी राहिली. तिनं वर पाहिलं. "तुम्ही वरच बरे. इतकी वर्षं तिथंच आहात. मला मोळी बांधायचीय."

ताडपत्रीवरच्या बायका हसल्या. ज्यांचे नवरे शेजारीच खुर्च्यांवर होते, त्या जास्त हसल्या.

"सर, दोर काचतोय," माईकमधून आवाज आला.

काकासाहेब खुर्चीवरून उठले. "गर्जे, हा काय तमाशा आहे? पोराला खाली घ्या आधी. आणि त्या मुलीनं इथंच, माईकवर माफी मागायची."

प्रशांत खाली आला. गर्जे सर घाबरून ज्योतीकडं बघू लागले. तेवढ्यात विजयमाला मागून चालत स्टेजपाशी आली.

"कशाची माफी, काकासाहेब?"

"माझा पोरगा टांगून ठेवला तिनं."

"त्याची मागंल ती. पोराला काचलं असंल. पन नाटकाची न्हाई मागनार."

ज्योती प्रशांतला म्हणाली, "सॉरी. लागलं का?"

"जास्त न्हाई," प्रशांत कंबर चोळत म्हणाला. "वरून पुढच्या रांगेतल्या मामाचं टक्कल दिसत हुतं."

त्यावर जे हसू उसळलं त्यात काकासाहेबांचं पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. विजयमालाजवळून जाताना ते एवढंच म्हणाले, "मुलीला वळण लावा जरा."

"लावलंय. आत्ताच बघितलं की तुमी."

दोघी घरी निघाल्या. रस्ता उंचसखल होता, पण विजयमाला भराभरा चालत होती. ज्योतीला तिला गाठायला पळावं लागत होतं.

"आई, अजून राग आहे?"

"हाय."

"माझ्यावर?"

"तुज्यावर थोडा हाय. आज केलंस तसं आदीच लिव्हायला काय झालं हुतं? बाकीचा जुना हाय, त्यो काय आज जात न्हाई."