हवालदाराची स्वतंत्र मालिका

नऊ वर्षं तो टीव्हीवरच्या एका गुन्हेगारी मालिकेत इन्स्पेक्टरच्या मागे उभा राहणारा हवालदार होता. संवाद जेमतेम दोन-चार. पण मयताच्या घरात शिरताना तो दारातच टोपी काढून काखेत धरायचा आणि लोकांना तेवढंच भावायचं. ही लकब त्याने बहिणीच्या नवऱ्याची उचलली होती. भाऊजी खरेखुरे हवालदार.

मग चॅनेलने त्याच पात्राची वेगळी मालिका काढली. पोस्टरवर त्याचा एकट्याचा चेहरा. पहिल्याच दिवशी दिग्दर्शक म्हणाला, "टोपी काढलीत ना, की ती निसटून बादलीत पडू दे. वर आपण 'टुईं' असा आवाज टाकू."

त्याला ते खटकलं, पण पोस्टरची हवा डोक्यात गेली होती. दर भागात टोपी पडत राहिली. बाकी चोर कोण, हे पहिल्या जाहिरातीआधीच कळायचं.

एका दुपारी बहिणीचा फोन आला. "हे आज एका घरी पंचनाम्याला गेले होते. यांनी टोपी काढली आणि मागून कुणीतरी 'टुईं' केलं. लोक हसले रे. मेलेल्या माणसाची मुलगी तिथेच बसली होती."

रविवारी तो बहिणीकडे गेला. भाऊजी बुटांना पॉलिश करत होते.

"भाऊजी, ते मी लिहिलेलं नाही."

"कुणी लिहिलं ते नाही विचारत. तू नको म्हणालास?"

"नाही."

"एकदाही?"

त्याने मान खाली घातली. "पोस्टरवर मी एकटाच होतो," तो पुटपुटला. आपलंच वाक्य ऐकून त्याचे कान तापले.

"जेवून जा," भाऊजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याने टोपी पाडायला नकार दिला. दिग्दर्शकाने खांदे उडवले. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मालिका तशीही बंद पडली. मूळ मालिकेत तोवर दुसरा हवालदार आला होता. भाऊजी टोपी जीपमध्येच ठेवून जाऊ लागले, हे त्याला बहिणीकडून कळलं. तो फक्त डबिंगसारखी आवाजाची कामं करू लागला.

भाऊजी निवृत्त झाले, त्या समारंभाला तो शेवटच्या रांगेत बसला. कुणीतरी ओळखून दोन शब्द बोलायचा आग्रह केला.

"आज त्यांचा दिवस आहे," तो म्हणाला, आणि बसून राहिला.