बाद झाल्यावरची टाळी

कोणी बाद झालं की चंद्राताई टाळ्या वाजवायच्या. गुण मिळवला तर मात्र नुसती मान हलवायच्या. चारकोपच्या मैदानावर मी पहिल्यांदा कबड्डी खेळायला गेले, तेव्हा पहिल्याच चढाईत माझी पकड झाली आणि कडेने टाळ्या ऐकू आल्या. मला वाटलं, ही बाई आपली टिंगल करतेय. तणतणत बाहेर आले, तर म्हणतात, "झकास गो! आता बस आणि बघ. आतून दिसत नव्हतं, ते इथून दिसेल."

ताई मनोरीच्या कोळीवाड्यातल्या. रोज संध्याकाळी बोटीने मार्वेला उतरून आम्हा मुलींना शिकवायला यायच्या. आवाज असा, की समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत येऊन उभी राहायची. बाद झालेलीने बाकावर रडायचं नाही, समोरच्या संघाचे पाय बघायचे, हा त्यांचा नियम. इतर संघांचे सर 'जिंकायचंच' म्हणून पोरींना धडकी भरवायचे; ताई एवढंच विचारायच्या, "काय दिसलं?"

मग माझा गुडघा दुखावला. तो बरा झाला, पण भीती काही जाईना. चढाईला जायचे आणि कोणाच्या जवळही न जाता परत पळायचे. आई म्हणाली, पुरे कर आता. मलाही ते पटत चाललं होतं. स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी ताईंना सांगून टाकलं, की हा माझा शेवटचा.

"सोड की," त्या म्हणाल्या. "पण घाबरून सोडू नको. खेळून सोड."

सामन्यात मी लगेच बाद झाले. टाळ्या झाल्याच. बाकावरून बघत राहिले. डाव्या कोपऱ्यातली उंच मुलगी दरवेळी घाई करून पायावर झेप घेत होती. पुढे आमच्या एकीने गुण मिळवला आणि मी परत आत आले. गुण बरोबरीत, शेवटची चढाई, आणि ताईंनी बोट दाखवलं ते नेमकं माझ्याकडे.

"ताई, पाय थरथरतायत."

"थरथरू देत ना! थांबले तर नाहीत?"

मी सरळ डाव्या कोपऱ्यात घुसले. तिने झेप घेतली, तिच्या पाठीला हात लावून मी वरून उडी मारली आणि मध्यरेषा गाठली. मैत्रिणींनी मला उचलूनच घेतलं. इतका आनंद झाला होता, की खेळ सोडायचाय हे आठवलंही नाही.

त्या गोंधळात ओळखीच्या टाळ्या ऐकू आल्या. वळून पाहिलं, तर चंद्राताई पलीकडे, मॅटवर तोंड झाकून बसलेल्या त्या उंच मुलीसमोर उभ्या.

"झकास गो! ऊठ. काय दिसलं, सांग."

जिंकले होते मी, आणि हेवा वाटत होता तिचा.