निळ्या हत्तीची पाठ

गेल्या रविवारी, भालकीत, भर दुपारी, एका सुईने माझा अपमान केला.

अपमान साधासुधा नाही. या तालुक्यातल्या सत्कारमूर्तींपासून रस्त्यातल्या खड्ड्यांपर्यंत मी माझ्या लेखांत कुणाला सोडलेलं नाही, आणि मला एका नेढ्यात साधा निळा दोरा ओवता येईना... दोऱ्याला थुंकी लावून झाली, चष्मा कपाळावर चढवून झाला, सरकारला दोष देऊन झाला.

हा उद्योग मुळात माझा नव्हे. अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा. मॅटीच्या जाड, चौकटी-चौकटीच्या कापडावर फुल्याफुल्यांनी भरायचं चित्र... कडेने पिंपळपानं, खाली कमळं, मधोमध हत्ती. सगळं एकाच निळ्या रंगात.

तिच्या लेकीचं, सुनंदाचं, कलबुर्गीत नवं घर झालंय. तिथे बुद्धवंदना होईल त्या दिवशी हे हॉलमध्ये लावायचं, असं अक्काने ठरवलेलं. हत्तीची पाठ होत आली आणि अक्काला लकवा मारला.

उजवा हात गेला, बोलणं गेलं. अख्ख्या भाषेतला एकच शब्द शिल्लक राहिला... 'न्हाई'. चहा पाहिजे का? न्हाई, आणि डावा हात कपाकडे. झोपतीस का? न्हाई, आणि डोळे मिटलेले.

जन्मभर सगळ्यांना व्हय-व्हय करत आलेल्या बाईच्या वाट्याला शेवटी हा शब्द यावा... मी लोकांची टर उडवून नाव कमावलंय, पण इतका कडू विनोद मला सुचला नसता.

तर तिला मी माझ्याकडे आणलं, आणि तिच्याबरोबर हे कापडही. खालच्या कमळांपासून सुरुवात केली. दिवसाकाठी बोटभर काम होतं, त्यातलं निम्मं उसवावं लागतं. एका फुलीत दोन तिरके टाके, आणि वरचा टाका सगळीकडे एकाच बाजूला झुकला पाहिजे. रंग एकच, त्यामुळे चूक झाकायला दुसरा रंग मदतीला येत नाही.

अक्का खाटेवरून बघत असते. माझा टाका चुकला की तिकडून 'न्हाई' येतं. ते मात्र खरं 'न्हाई' असतं.

रविवारी दोरा एकदाचा ओवला गेला. उजेडासाठी खिडकीत बसले, कापड जरा तिरकं धरलं... आणि हत्तीच्या पाठीवर एक पट्टा वेगळाच चमकला. जवळून बघितलं. वरचे टाके भलतीकडे झुकलेले. पुढे काही फुल्या अर्ध्याच. एके ठिकाणी टाका आपलं घर सोडून कुठल्या कुठे गेलेला.

मी अजून हत्तीपर्यंत पोचलेच नव्हते. ते काम अक्काचं होतं.

बिदरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा विचारलं होतं, आधी काही जाणवलं का? हात जड पडला, काही सांडलं, काही विसरल्या? आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या, काहीच नाही म्हणून. कापडाला कुणी विचारलं नव्हतं...

ते तिच्या मांडीवर ठेवलं. "अक्का, हे उसवू का?"

"न्हाई."

"मग ठेवू?"

"न्हाई."

डावा तळवा मात्र तिने त्या पट्ट्यावर ठेवला. मी कापड हळूच ओढून बघितलं, तरी उचलला नाही. तिच्या उजव्या हाताचं शेवटचं काम होतं ते. त्या दिवशी मी पुढे काही केलं नाही.

बुधवारी सुनंदा आली. आल्या आल्या कापड दारात नेऊन बघितलं. पोरीची नजर आईवर गेलीय.

"मावशी, ही पाठ कुणी केली गं? बघ की, कसं वेगळंच चमकायलंय."

अक्का आजारी पडली त्याच्या आधी सुनंदा सुट्टीला आईपाशीच होती. आई भरत बसायची, ही शेजारी बसून मोबाईलवर टाइल्सचे रंग निवडायची. खरं सांगितलं असतं, तर ही पोरगी जन्मभर त्या टाइल्सकडे बघत रडली असती. (ती माझं लिहिलेलं वाचत नाही, डोकं दुखतं म्हणते. म्हणून तर इथे लिहायची सोय.)

"मीच," म्हटलं. "चष्म्याचा नंबर वाढलाय."

"न्हाई," अक्का म्हणाली.

"बघ, आईला पण पटंना गेलंय," सुनंदा हसली. "उसवून टाक की. लोकं बघायला येतेत घरी."

"उसवत न्हाई. फुकटात करायले मी. पाहिजे तर ने, न्हाईतर तिथं घड्याळ लाव."

"तुझ्या तोंडाला लागायची सोय न्हाई बघ मावशी. राहू दे. कुणी विचारलं तर तुझंच नाव सांगीन."

"न्हाई." अक्काने डावी मूठ खाटेवर आपटली. सुनंदाला त्यात नवीन काही वाटलं नाही. ती चहा ठेवायला आत गेली.

मी अक्काच्या कानाशी वाकले. "गप की आता," म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मूठ सोडली.

लहानपणी इथेच, भालकीजवळच्या मेहकर गावात असताना काही फुटलं, काही सांडलं, की आमची माय आधी विचारायची, कुणी केलं? मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणायची, मी. मार खायची, आणि नंतर त्यावरून मला एक शब्द ऐकवायची नाही.

किती वेळा, ते तिलाच ठाऊक. त्यातलं एक 'मी' बुधवारी परत केलं.