घंटीला उठणारा हात

आमच्या ठाकुर्लीत पहिली पायगाडी गुणाजीची. हल्ली तिला सायकल म्हणतात. आगगाडीचा एक साहेब विलायतेला परतताना त्याला ती देऊन गेला. दसऱ्याला गुणाजीच्या बायकोने, मालनने, तिला हळदकुंकू लावले, झेंडूची माळ घातली. "माझ्यापेक्षा हिचेच लाड करा," असे ती म्हणायची. पण घंटी ऐकली की तव्यावरची भाकरी टाकून दारात यायची.

त्याच वर्षी माघात प्लेग आला. मालनच्या काखेत गाठ उठली आणि तिला कल्याणच्या छावणीत नेले. आत कुणाला सोडत नसत. गुणाजी रोज पायगाडीवरून जाई आणि छावणीभोवतीच्या कुडाबाहेर घंटी वाजवी. कुडावरून हिरव्या बांगड्यांचा हात वर येई. तो दिसला की घरी येऊन गुणाजीला दोन घास जात.

पंधराव्या दिवशी एक विधवा बरी होऊन छावणीबाहेर आली. तिच्या ओंजळीत त्याच बांगड्या होत्या.

"दादा, मालनला जाऊन आठ दिवस झाले. तेव्हापासून हात माझा होता," ती म्हणाली. "तिचे हात एवढे वाळले होते की बांगड्या न फुटता निघाल्या. म्हणाली, घंटी वाजली की घाल, नाहीतर ते जेवायचे नाहीत. मी अशी, कपाळ पुसलेली. तरी घातल्या."

पुढे छावणी मोडली, कूड जाळला. तिथून जाताना गुणाजी घंटी मात्र वाजवायचाच, पण मान खाली घालून. हात वर आला तर काय करायचे, हे त्याला ठाऊक नव्हते.